हरणीचे तीन भ्रूण

माझी बायको पुष्पावती गाईंच्या गर्भधारणेवर संशोधन करते, हे सांगायला मी लग्नानंतर पाच वर्षं लाजत होतो. मी राहुरीला हायस्कुलात मराठी शिकवायचो. कुणी विचारलंच तर ‘जनावरांच्या खात्यात आहे’ म्हणून विषय बदलायचो. तिला मात्र कशाचंच काही नाही. पाहुण्यांना वरण वाढता वाढता ती गर्भाशयावर बोलायची आणि मी घाईघाईने लोणचं पुढे करायचो.

काष्टीच्या शेतकऱ्याची ही मुलगी. पशुवैद्यक झाली, डॉक्टरेट केली आणि तीस वर्षं एकाच कामाला चिकटली. चांगल्या गाईच्या पोटातून सात दिवसांचे भ्रूण काढायचे, गोठवून ठेवायचे आणि साध्या गाईच्या पोटात वाढवायचे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशीही बाई सूक्ष्मदर्शकापाशीच. शेवटी मीच डबा घेऊन तिथे गेलो. तिने मला भिंगातून एक भ्रूण दाखवला आणि विचारलं, किती सुंदर आहे ना? मला एक करडा ठिपका दिसला. पण तिचा चेहरा इतका उजळला होता, की मी मनापासून हो म्हणालो.

तिचा खरा जीव होता हरणीत. अकोले तालुक्यातल्या डोंगरावरची ही डांगी जातीची गाय, मुसळधार पावसातही ठणठणीत राहणारी. हरणी गेली तेव्हा मागे एकही वासरू नव्हतं. होते ते पुष्पाने गोठवलेले बारा भ्रूण. संशोधनाचा गोठा बंद झाल्यामुळे आता गावातल्या गाईंवरच भिस्त होती. आणि तिथेच घोडं अडलं. गोठ्यात इतर गाईंचे भ्रूण छान रुजायचे, गावात रुजेनात. का, ते तिला कळेना. हरणीचे नऊ वाया गेले. तीन उरले आणि पुष्पाच्या निवृत्तीला सहा महिने.

दहावा घेऊन आम्ही पुणतांब्याला काकासाहेब नावाच्या शेतकऱ्याच्या वस्तीवर गेलो. मी आधीच निवृत्त झालो होतो, म्हणून तिचा बिनपगारी ड्रायव्हर. काकासाहेबांनी फोनवर सांगितलं होतं, की गाय रविवारी माजावर आली. माजानंतर सातव्या दिवशी भ्रूण ठेवायचा असतो. एक-दोन दिवसांची चूक झाली, की तो गेलाच. पुष्पाने खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून गाय तपासली. सगळं ठीक वाटलं. ती थंडगार नायट्रोजनच्या भांड्यातून भ्रूणाची नळी काढणार, तेवढ्यात काकासाहेबांच्या मंडळी केशरबाई बादली घेऊन जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “ताई, ती शुक्रवारपास्नंच हंबरत हुती.”

हंबरणं ही माजाची खूण; म्हणजे आज सातवा नव्हे, नववा दिवस होता. काकासाहेब चमकले. तेव्हाच का सांगितलं नाही, म्हणून त्यांनी विचारलं.

“मामंजी वसरीला बसलं हुतं. त्यांच्याम्होरं आसलं कसं बोलायचं?”

पुष्पाने भांडं उघडलंच नाही. हातमोजा काढला, केशरबाईंचा हात धरला आणि गाडीत येऊन रडली. तिला रडताना मी फार कमी वेळा पाहिलंय, त्यामुळे मी पार गडबडून गेलो.

“अहो, माझी आईसुद्धा आजोबांपुढे हे बोलायची नाही,” ती म्हणाली. “पुरुषांच्या नजरेला पडेपर्यंत गप्प राहायची. मला हे ठाऊक होतं. तरी प्रत्येक घरी मी तारीख पुरुषांनाच विचारली.”

घरी येऊन तिने आधीच्या नऊ घरी फोन लावले आणि प्रत्येक ठिकाणी धार काढणाऱ्या बाईला बोलावून घेतलं. सहा घरी तारीख एक-दोन दिवस आधीची निघाली. तो आठवडाभर ती स्वतःवरच चिडलेली होती. भाजीत मीठ नसायचं. मी मुकाट्याने खाल्लं.

पुढचे दोन भ्रूण तिने बायकांना विचारून, अचूक दिवस साधून ठेवले. तरीही दोन्ही रुजले नाहीत. दिवस बरोबर असला तरी निम्मे जातातच, असं तिनेच मला समजावलं आणि न जेवता उठली.

शेवटचा केशरबाईंच्या गाईसाठी राखला होता. या वेळी फोन त्यांनी स्वतः केला. सासरे शेजारीच असावेत, त्यांचा खोकला ऐकू येत होता. केशरबाईंनी माज, दिवस, वेळ, सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. सातव्या दिवशी भ्रूण ठेवला. गाय पुन्हा माजावर आली असती तर सगळं संपलं असतं, म्हणून नंतरचे पंधरा-वीस दिवस फोन वाजला, की पुष्पा दचकायची. केशरबाईंचा फोन आला नाही.

खात्री मात्र तीन महिन्यांनी तपासल्यावरच होणार होती. तोवर ती निवृत्त झाली होती. आम्ही आमचे आमचेच पुणतांब्याला गेलो. काकासाहेबांनी शेपटी धरली. पुष्पाने हात आत घातला आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तिने डोळे मिटले. मग हात बाहेर काढला आणि नवा हातमोजा केशरबाईंपुढे धरला.

केशरबाई आधी नवऱ्याकडे बघायला लागल्या. मग त्यांनी पदर खोचला. पुष्पा त्यांना सांगत होती, अजून आत, जरा खाली, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लागेल. काकासाहेब शेपटी धरून उभे होते.

“हाय,” केशरबाई म्हणाल्या. “ताई, हाय.”

हात मात्र त्या बाहेर काढेनात.