अण्णा अचानक शांत झाले तेव्हा

"हा डिमेन्शिया वाढलेला नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "हा डेलिरियम आहे. दोन्हींत फार फरक आहे. हा बरा होऊ शकतो."

मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. इमर्जन्सी विभागातल्या कॉटवर माझे वडील, अण्णा, छताकडे बघत पडले होते. वय चौऱ्याऐंशी. तीन दिवसांपूर्वी त्यांनी मला ओळखलं नव्हतं, आणि तेव्हापासून मी मनाने त्यांना गमावून बसले होते.

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश. तो बहुतेक वेळा हळूहळू, महिने-वर्षं घेत वाढतो. डेलिरियम म्हणजे शरीरातल्या दुसऱ्याच कुठल्या तरी बिघाडामुळे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ. तो दोन-चार दिवसांतही येतो. मला हा शब्दच ठाऊक नव्हता. तुम्हालाही कदाचित नसेल, म्हणून हे लिहिते आहे.

अण्णांचं कसबा पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. "घड्याळ ठीक आहे, तुम्हीच उशिरा उठता," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी ते बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर वॉकर आला, थोडा विसराळूपणाही आला. मी कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहते, इमारतीला लिफ्ट नाही, नोकरी दिवसभराची. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. शेवटी सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका वृद्धनिवासात त्यांना ठेवलं. 'ठेवलं' हा शब्द मला फार टोचायचा.

रोज संध्याकाळी मी फोन करायचे, रविवारी भेटायला जायचे. फोन जरा लवकर झाला तर अण्णा विचारत, "का, नोकरी गेली की काय?" असं काही ऐकलं की मी निर्धास्त व्हायचे.

मध्ये मला ताप-खोकला झाला. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना लागण नको म्हणून मी दोन रविवार गेले नाही. दुसऱ्या आठवड्यात अण्णा फोनवर नुसतं "हो, हो" करू लागले. मला वाटलं, रुसले असतील.

तिसऱ्या रविवारी गेले तेव्हा ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मला बघून त्यांनी हात जोडले.

"या, बसा. आपण कोणाकडे आलात?"

माझ्या वडिलांनी मला जन्मात कधी "या, बसा" म्हटलेलं नाही. त्या नम्रपणानेच मला धडकी भरली.

तिथल्या व्यवस्थापक बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. "वयोमानाने होतं असं. आजोबा आता अगदी शांत झालेत, कसला त्रास नाही. त्यांना आपण वरच्या मजल्यावर हलवू या." वरचा मजला म्हणजे स्मृतिभ्रंश फार वाढलेल्यांचा. त्या मजल्याच्या दाराला बाहेरून कडी असते. बाईंचा हेतू वाईट नव्हता. मी विचार करायला दोन-तीन दिवस मागून घेतले आणि ते रडण्यात घालवले.

बुधवारी सकाळी संमतीच्या कागदावर सही करायला गेले. जिन्यात संगीताने गाठलं. अण्णांची अंघोळ, जेवणखाण तीच बघते. शहराबाहेरच्या गावातून रोज बसने येते.

"ताई, मी सांगितलं म्हणून बोलू नका. पण बाबांचं हे म्हातारपणाचं न्हाई. मागल्या आठवड्यापर्यंत माझ्या चहाला नावं ठेवत होते. एकदम गप झाले. पाणी पीत न्हाईत, लघवीला लई वास येतोय. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं."

मी सही न करता अॅम्ब्युलन्स बोलावली.

दुपारपर्यंत रक्त, लघवी, डोक्याचा सीटी स्कॅन असं सगळं झालं. मेंदूत नवं काही नव्हतं. लघवीच्या मार्गात मात्र जोराचा संसर्ग होता. डॉक्टर त्याला यूटीआय म्हणतात. आणि रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला जो घटक शरीराला लागतो तो, खूप खाली गेला होता.

"डेलिरियमचे सगळेच रुग्ण आरडाओरडा करत नाहीत," डॉक्टर बाईंनी समजावलं. "काही जण नुसते मंद होतात. हा हायपोअॅक्टिव्ह प्रकार. माणूस शांत दिसतो, म्हणून तो नजरेतून सुटतो. नीट दिसलं-ऐकू आलं नाही तरी गोंधळ वाढतो. यांचा चष्मा आणि कानाचं मशीन कुठे आहे?"

चष्मा आणि मशीन दोन्ही वृद्धनिवासातल्या कपाटात सापडलं. मशीनमधली बॅटरी संपलेली होती. कधी संपली, कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

सोडियम हळूहळूच वाढवावं लागतं, घाई केली तर मेंदूला इजा होऊ शकते. त्यामुळे बघत बसण्याला पर्याय नव्हता. पहिले दोन दिवस काहीच फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सलाइनची सुई ओढून काढली. निदान हालचाल तरी आली म्हणून नर्सला ते बरं लक्षण वाटलं, मला नाही. ओळखीच्या माणसाने जवळ बसून वार, जागा, नाव सांगत राहावं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी शाळेतल्यासारखं घोकत होते. "अण्णा, आज शनिवार. आपण हॉस्पिटलमध्ये आहोत. मी नीला."

शनिवारी दुपारी अण्णांनी माझ्याकडे मान वळवली.

"किती वेळा सांगशील? बहिरा आहे मी, मूर्ख नाही."

मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बाकावर बसले. डोळे पुसले. पलीकडच्या अनोळखी बाईंनी विचारलं, "काही वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही हो. वडील ओरडले."

सोमवारी डिस्चार्ज ठरला. डोकं पूर्ण ताळ्यावर यायला काही आठवडे लागतील, थोडा विसराळूपणा राहील, असं डॉक्टर म्हणाल्या. मी तोवर रजा टाकली होती, त्यांना घरी न्यायचं ठरवलं होतं. तसं त्यांना सांगितलं.

"तिसऱ्या मजल्यावर बसून मी भिंतीशी बोलू का?" अण्णा म्हणाले. "शेखसाहेबांचा डाव अर्धा राहिलाय."

शेखसाहेब म्हणजे त्यांच्या शेजारच्या खोलीतले. आयुष्यभर बुकबाइंडिंग केलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. ते आणि अण्णा रोज कॅरम खेळतात, हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं.

"तुम्हाला तिथे आवडतं, अण्णा?"

"आवडायला ते काय महाबळेश्वर आहे? पण चाललंय माझं. तू रविवारी येतेस ती फळं, औषधं, डायपर मोजतेस आणि जातेस. अर्धा तास ये, पण बसायला ये."

मी त्यांना परत तिथेच नेलं. या वेळी 'ठेवलं' नाही, पोहोचवलं.

व्यवस्थापक बाईंना मी सगळे रिपोर्ट दाखवले. त्या अवघडल्या, पण त्यांनी टाळलं नाही. आता कुणी एकाएकी वेगळं वागू लागलं की आधी डॉक्टर बोलावतात, रक्त-लघवी तपासतात. बाईंसमोर संगीताचं नाव मी तिला विचारूनच घेतलं. तिची नोकरी शाबूत आहे, आणि तिचं म्हणणं आता ऐकलं जातं.

तुमचं माणूस अशा ठिकाणी असेल तर एवढंच सांगते. हळूहळू झालेला बदल वयाचा असू शकतो. अचानक झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि जी बाई त्यांना रोज भरवते, तिच्याशी बोला.

मी आता बुधवारीही जाते. परवा गेले तेव्हा दोघांचा डाव रंगात आला होता. अण्णांनी मान वर न करता शेजारची रिकामी खुर्ची हाताने माझ्याकडे सरकवली. मी पर्स खाली ठेवली आणि बसले.