गच्चीवरून ऐकू आलेलं हसू

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या बिल्डिंगीत सगळे म्हणतात. खरंच आहे ते. कुणाच्या पोरीला स्थळ आलं, कुणाच्या जावयाने कुठे माती खाल्ली, सगळं माझ्याकडून जिन्यात जातं आणि जिन्यातून गावात. पण एक गोष्ट राहिली. दहाएक वर्षं राहिली. बायकोला सांगितली नाही, मित्राला नाही, देवापुढे हात जोडले तरी तेवढा भाग गाळून पुढे गेलो. तुम्हाला आधी सांगतोय, कारण तिला सांगायच्या आधी एक तालीम हवी. नटाची सवय, दुसरं काय.

नट म्हणजे — हसू नका — हौशी. पोटापाण्याला रसायनीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. पण गणपतीत आमच्या आळीच्या मांडवात विनोदी काम म्हटलं की सुधाकर, म्हणजे मी. एंट्रीलाच हशा. नुसता चष्मा पुसला तरी हशा. वर्षातले ते दहा दिवस मी राजा असायचो आणि उरलेलं वर्ष त्या दहा दिवसांवर काढायचो.

मग ती आली. टीव्हीवर.

त्या वेळी चॅनेल एकच, आणि बुधवारी अर्ध्या तासाची एक विनोदी मालिका. एका गेस्ट हाउसची मालकीण आणि तिच्यावर लट्टू झालेले भाडेकरू. मालिकेत तिचं नाव काय होतं ते कुणी लक्षात ठेवलं नाही, आमच्याकडे सगळे तिला मॅडम म्हणायचे. बिनबाह्यांचं ब्लाउज, कानांत लोंबते डूल, केसांचा तो फुगा — आणि दिसायला अशी की पुरुषमंडळी पेपर उलटा धरून बसायची. टीव्ही आमच्याकडे, शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. त्यामुळे बुधवारी अख्खा मजला आमच्या बाहेरच्या खोलीत, आणि मालिका संपली की चहाबरोबर मतं. समोरच्या देशपांडेबाईंचं मत की असली थेरं बघून पोरी बिघडतात. हे मत त्या दर आठवड्याला सगळ्यांत पुढे बसून द्यायच्या. शेजारच्या सारामावशी आपटेकर, बेने इस्रायली म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, दवाखान्यात नर्स होत्या. त्यांचं मत, ब्लाउजचं सोडा हो, बाई काम चोख करते. माझं मत सगळ्यांत ठाम. दिसते म्हणून चालतंय. विनोद हे बाईमाणसाचं काम नव्हे, इतक्या देखण्या बाईचं तर नव्हेच. मी हे बोललो की सगळे माना डोलवायचे. तज्ज्ञ ना मी.

नलू — माझी बायको — एकदा कपबशा उचलता उचलता म्हणाली, "आपण सुंदर आहोत हे ती विसरते. म्हणून हसू येतं." एवढंच बोलून आत गेली. मी विषय बदलला. कारण ते बरोबर होतं, आणि इतकी वर्षं तोंडाला रंग लावून मला ते सुचलं नव्हतं.

आणखी एक. नलू माझ्या विनोदाला हसायची, पण कशी? पाहुण्याला चहा द्यावा तशी. मॅडम आली की मात्र अख्खी हसायची — तोंडात पदर, डोळ्यांत पाणी, शेजारणीच्या मांडीवर थाप. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि हे हसू मी पहिल्यांदा बघत होतो, तेही दुसरीमुळे आलेलं. यात जळायचं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच विचारायचो. आणि जळायचो.

तर अँटेना. तो गच्चीवर, आमच्या डोक्यावर. पनवेलला तेव्हा चित्र कसं यायचं हे जुन्या लोकांना विचारा — वारा सुटला, कावळा बसला, की मॅडमला दोन डोकी. मग कुणीतरी वर जाऊन खांब फिरवायचा आणि खालच्यांनी खिडकीतून ओरडायचं, आलं, आलं, गेलं. हे काम माझं. एका बुधवारी मालिका सुरू व्हायच्या बेताला मी "जरा बघून येतो" म्हणून वर गेलो आणि मुंबईकडे तोंड असलेला अँटेना हळूच कर्नाळ्याच्या किल्ल्याकडे वळवला. खाली एकच आरडाओरडा. मी वरून म्हणतोय, बघतोय, बघतोय. मालिका संपेपर्यंत बघत राहिलो. मग अधूनमधून तेच सुरू झालं. हे पहिलं पाप. हे सांगताना मला अजून थोडं हसू येतं, म्हणजे खरं पाप हे नव्हे. खरं पुढे आहे. जरा थांबा, येतो तिथे.

एकदा असाच खांब धरून उभा होतो आणि खालून हशा आला. मोठा. मला वाटलं, चित्र आलं की काय? कर्नाळ्यावरून? मी खांब आणखी फिरवला. हशा वाढला. उरण नाक्याकडे फिरवला, तर टाळ्या. शेवटी खाली उतरलो. पडद्यावर नुसत्या मुंग्या, आवाज तेवढा चालू, आणि पडद्याकडे पाठ करून नलू उभी. खांद्यावर पदरासारखा टॉवेल, कानांना कपडे वाळत घालायचे चिमटे. टीव्हीतून मॅडमचा आवाज यायचा आणि नलू त्याला चेहरा द्यायची. मध्येच आवाज गेला की वाक्यही तिचंच. सारामावशी पोट धरून भिंतीला टेकल्या होत्या. देशपांडेबाई म्हणत होत्या, अगं ते पुन्हा कर, पुन्हा कर. मला बघून नलूने टॉवेल काढला आणि विचारलं, "झाला का नीट?" मी म्हणालो, खांब गंजलाय.

त्यानंतर चित्र लख्ख असलं तरी बायका विचारू लागल्या, आज जात नाही का हो चित्र?

त्या वर्षी गणपतीत सारामावशींनी मंडळाशी भांडून नलूला दहा मिनिटं मिळवून दिली, माझ्या नाटकाच्या आधी. सगळं तिने स्वतः रचलं. मॅडमने पनवेल स्टँडसमोर लॉज काढलंय आणि शेवटची एसटी चुकलेले लोक एकेक करून येतात. अलिबागचा नवरदेव, कर्जतचा मास्तर, भाव पाडून मागणारा शेठ, करंज्याची मासेवाली. सगळी तीच. मासेवाली आली तेव्हा मांडवातल्या खऱ्या कोळणी उठून उभ्या राहिल्या. दहा मिनिटांचा अर्धा तास झाला. मी पडद्याआड मिशी हातात धरून उभा, आणि तिचा गोंद सुकत चाललेला. मग माझं नाटक झालं. हसले लोक. हसले, पण तो हशा माझ्या ओळखीचा होता. पाहुण्याला चहा.

घरी आल्यावर ती खोबरेल तेलाने रंग काढत होती. अर्धा चेहरा मॅडमचा, अर्धा नलूचा. आरशातूनच विचारलं, "लोक काय म्हणाले हो?"

आता बघा. लोक काय म्हणाले ते मला ठाऊक होतं. मांडवामागे उभं राहून मी एकेक मत ऐकलं होतं. आणि बायका तोंडावर गोड बोलतात हे जाणून ती मला विचारत होती. मी खरं सांगेन म्हणून. इतकी वर्षं स्टेजवर वावरलेला माणूस. शिवाय नवरा.

मी म्हणालो, "तोंडावर सगळे चांगलंच म्हणणार. मागे बोलले ते मी ऐकलं. घरंदाज बाईला शोभलं नाही म्हणाले. तुझ्या कामाला नाही हसले, तुला हसले."

"कोण म्हणालं?"

"लोक. नावं कशाला?"

एकही माणूस तसं म्हणाला नव्हता. एकही नाही. ते वाक्य माझं होतं — पाठांतराशिवाय, पहिल्या फटक्यात, चोख. माझं आयुष्यातलं सगळ्यात जमलेलं काम कदाचित तेच.

तिने उरलेला अर्धा चेहरा पुसला. पुढच्या वर्षी मंडळवाले आले तेव्हा आतूनच नको म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षीही. अँटेना मी तारेने आवळून टाकला, तरी एखाद्या बुधवारी चित्र गेलंच, तर ती उठून पोळ्या लाटायला जायची. सारामावशी त्या गणपतीनंतरच्या हिवाळ्यातच मुलाकडे इस्रायलला निघाल्या. नलू हल्ली डोळा चुकवते म्हणून त्यांनी मला जिन्यात गाठून तिच्यासाठी निरोप दिला. तो मी दिला नाही. माझी नाटकं मात्र चालू होती. मी पुन्हा राजा.

परवा केबलवर दुपारी ती जुनी मालिका पुन्हा लागली. मॅडमच्या साड्यांचे रंग आम्हाला आत्ता कळले. नलू मेथी निवडत बघत होती. हसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी किती वेड्यासारखं केलं होतं ना तेव्हा? बरं झालं, तुम्ही वेळेवर सांगितलंत."

बरं झालं म्हणाली. ती माझे आभार मानत होती हो. म्हणून हे लिहायला बसलो.

इथवर लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. तालमीचा काही उपयोग झाला नाही. अँटेनापासून सुरुवात करायची असं ठरवलं होतं, म्हणजे आधी जरा हसेल. पण तोंड उघडलं आणि शेवटचंच आधी आलं. तसं कुणीच म्हणालं नव्हतं, नलू. मी म्हणालो ते.

कितीतरी दिवस ती माझं ताट वाढायची आणि आपलं घेऊन गॅलरीत बसायची. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग एका संध्याकाळी टीव्ही बंद करून समोर येऊन बसली. "हं. आता सांगा. कोण काय म्हणालं? नावं घेऊन."

सांगितलं. देशपांडेबाई म्हणाल्या, मॅडमपेक्षा ही सरस. मंडळाचे अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, पुढल्या खेपेला हिला तासभर द्या आणि सुधाकरला जरा आराम. यावर तिच्या ओठाचा कोपरा हलला. कोळीवाड्यातली एक म्हातारी म्हणाली, "बाय बोलली आमच्यासारखी, पन आमाला नाय हसली. त्या भाव पाडनाऱ्या शेठला हसली." आणि सारामावशींचा निरोप: तिकडे मला सगळं मिळेल सुधाकर, पण मराठीत हसवणारं कुणी मिळायचं नाही. तिला म्हणावं, थांबू नकोस.

तिथे ती उठली, गॅलरीत गेली आणि बराच वेळ आली नाही. आली ती नाक पुसत. म्हणाली, "आणखी?"

आणखी होतं. अंधार पडेपर्यंत पुरलं. सगळ्यात शेवटी अँटेनाचं सांगितलं. "ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "मुंबई कुठल्या बाजूला आहे हे माणूस बुधवारीच कसं विसरेल?"

यंदा मंडळवाले आले तेव्हा ती स्वतः दारात गेली आणि हो म्हणाली. वर सांगितलं, "आमचे हे यंदा काम करणार नाहीत, पडदा ओढतील. आणि लोक काय म्हणतात ते मी स्वतः ऐकीन."

माफ केलंस का, असं मी तिला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

काल तिचा प्रयोग होता. बिनबाह्यांचं ब्लाउज शिवून घेतलं होतं तिने, चाळिशी उलटल्यावर. छान दिसतेस, म्हणालो. खरं होतं म्हणून म्हणालो. तिने मान हलवली आणि मी दोरी ओढली. पहिल्याच वाक्याला हशा आला. मी आडोशाला होतो, मला ना ती दिसत होती ना लोक. नुसतं ऐकू येत होतं, तेव्हा गच्चीवर यायचं तसं. या वेळी मी कशालाही हात लावला नाही.