मलायातली तिथी

सेतुमामा रोज सकाळी अकरा वाजता, पोस्टमन गल्लीतून पुढे गेला की, एका लांबट वहीत तारीख घालत आणि तिच्यापुढे इंग्रजीत एकच शब्द लिहीत: निल. त्या दिवशी विजेचं बिल आलेलं असो, लग्नपत्रिका असो, पेन्शनचा कागद असो, वहीत निलच. कारण ती वही एकाच पत्रासाठी होती, आणि ते मलायाहून यायचं होतं.

पापनाशमच्या स्टेशनात त्यांनी एकतीस वर्षं तिकिटं दिली होती. व्यवस्थित लिहिलेल्या अर्जाला उशिरा का होईना उत्तर येतं, यावर त्यांचा देवावर असावा तसा विश्वास होता. माझ्या आईचे ते थोरले भाऊ. मी पुण्याहून एम. ए. करून तंजावरला परतले तेव्हा ते सत्तरीला आले होते. मामी जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा गिरीश चेन्नईत होता, आणि जेवायला ते आमच्याकडे येत.

त्यांचे वडील रंगराव, म्हणजे अप्पा, १९३८ साली नागपट्टणहून आगबोटीत बसले. मलायात एका रबराच्या मळ्यावर कारकुनाची नोकरी होती. सेतुमामा तेव्हा सात वर्षांचे. एक्केचाळीसपर्यंत पत्रं आली, मग जपानी आले आणि पत्रं थांबली. लढाई संपल्यावर तिकडून परतलेला तिरुवैयारूचा एक माणूस घरी येऊन सांगून गेला की रंगराव तापानं गेला. कधी, असं विचारल्यावर तो म्हणाला, "तिथे दिवस कोण मोजत होतं?"

पण आमच्यात दिवसच लागतो. श्राद्ध मृत्यूच्या तिथीला करायचं, इंग्रजी तारखेला नाही. तिथी ठाऊक नसेल तर पितृपक्षातल्या अमावस्येला, साऱ्या पितरांबरोबर. सेतुमामांनी पन्नासएक वर्षं तसंच केलं. त्यांची आई वेंकूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "सगळ्यांच्या पंगतीत वाढलेलं त्यांना पोचलं कशावरून? ते पडले भिडस्त. मागे उभे राहिले असतील."

एकदा तरी अप्पांचं श्राद्ध त्यांच्या स्वतःच्या दिवशी करायचं, एवढं एकच सेतुमामांचं उरलं होतं; त्या दिवसासाठीच मलायाला अर्ज जात होते. डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाबद्दल जे सांगितलं होतं, त्यानंतर त्यांना घाईही झाली होती.

२००० साली दक्षिण वीथीत कार्तिकेयनं टीव्ही दुरुस्तीच्या दुकानामागे ब्राउझिंग सेंटर काढलं. तीन कॉम्प्युटर, प्लायवूडचे आडोसे, दारात चपला काढायची सक्ती. जगातली सगळी दप्तरं आता कॉम्प्युटरवर आहेत, असं मामांना कुणीतरी सांगितलं.

"भारती, चल गे. तुला इंग्रजी टायपिंग येतंय की."

त्यांनी घरून अर्ज लिहून आणला होता. 'प्रभारी अधिकारी, मृत्यू विभाग, मलाया यांसी. आदरणीय महोदय...' खाली संदर्भ क्रमांक, सही, आणि सोबत कार्बन कॉपी. शोधाच्या चौकोनात हे सगळं घाल, असा त्यांचा हुकूम होता.

"मामा, इथे दोनचार शब्दच घालायचे असतात."

"दोन शब्दांत कोण उत्तर देतंय? मी स्टेशनमास्तर असतो तर असला कागद फाडला असता."

मी अर्ज टाइप केला. तीन मिनिटांनी एक ज्योतिषी, एक वकील आणि पेनांगची दोन हॉटेलं आली. कार्तिकेय आडोशावरून डोकावला. "सार, त्या डब्याला 'आदरणीय' म्हटलं तरी कळत नाही."

"शिकव मग त्याला," मामा म्हणाले.

तिथून आमचे मंगळवार आणि शुक्रवार सुरू झाले. परदेशी वंशावळींच्या एका वेबसाइटवर फॉर्म होता आणि त्यात आडनावाची जागा रिकामी ठेवता येत नव्हती. आमच्या घरानं तीन पिढ्यांपूर्वीच आडनाव टाकून तमिळ रिवाजानं बापाच्या नावाचं अक्षर पुढे लावायला सुरुवात केली होती. मग 'राव' घातलं. चार हजारांवर राव आले, त्यातले बरेच अजून जिवंत. दुसरीकडे लढाईत मेलेल्यांची मोठी यादी होती, थडग्यांच्या ओळींच्या क्रमांकांसह. मामा तासभर पुढे वाकून बसले. शेवटी मला कळलं की ती सैनिकांचीच यादी आहे. मळ्यावरच्या कारकुनांची आणि कुलींची यादी कुणी केली नव्हती. मी तसं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बंदुकीवाला मेला तर मेला. पेन्सिलवाला मेला तर नुसता निघून गेला, असं?"

बोटींच्या प्रवाशांची यादी सापडली तर ती अडतीसपूर्वीच संपत होती. कधी लाइन तुटे, कधी वीज जाई, कधी अर्धं पान येऊन पांढरं राही. घरी येताना मी एकदा म्हणाले की आता पुरे. त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे चालू लागले.

शेवटी मलायातल्या तमिळ लोकांच्या एका चर्चेच्या पानावर मी चार ओळी टाकून ठेवल्या. मळ्याचं नाव, रंगरावांचं नाव, वर्षं. पाच महिन्यांनी उत्तर आलं. इपोहचे कल्याणराम नावाचे निवृत्त शिक्षक होते. मळ्याच्या जुन्या दवाखान्याचं एक रजिस्टर त्यांनी पाहिलं होतं. त्या पानाचा फोटो सोबत जोडला होता.

तो फोटो वरून खाली, एकेका पट्टीनं उतरू लागला. आधी रेघा, मग शाई, मग कुणाची तरी नावं. तीनदा लाइन तुटली. चौथ्या वेळी कार्तिकेयनं त्याच लाइनवरच्या दुकानातल्या फोनची वायर काढून ठेवली आणि गिऱ्हाइकांना बाहेर उभं केलं. बाविसावी ओळ आली: रंगा राव, कारकून, तंजोर, ताप. १ ऑगस्ट १९४३. बारा वाजून दहा मिनिटं, दुपार.

मामांनी पडद्याला हात लावला नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वेळसुद्धा लिहिलीय," ते म्हणाले. "चांगला कारकून होता लिहिणारा."

दुसऱ्या दिवशी आमचे भटजी वादिराज मोपेडवर जुनं शंभर वर्षांचं पंचांग बांधून आले. ओसरीवर बसून त्यांनी पान काढलं, आणि एकाच ओळीवरून दोनदा बोट फिरवलं.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"त्या दिवशी आषाढी अमावस्या. पण आपल्या घड्याळात सकाळी साडेनऊच्या सुमारास ती संपली. पुढे श्रावणाची प्रतिपदा."

"मग सोपं आहे. दुपारी गेले ते. प्रतिपदा."

"मलायाचं घड्याळ आपल्या पुढे दोन तास. म्हणजे तिथे अमावस्या साडेअकराला संपली. बारा दहा म्हणजे प्रतिपदा, खरं. पण..." वादिराजांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जपान्यांनी तिथली घड्याळं टोकियोवर लावली होती म्हणतात. आणखी दीड तास पुढे. त्या घड्याळात अमावस्या दुपारी एकपर्यंत होती. बारा दहा मग अमावस्येतच."

"दवाखान्याचं घड्याळ कुठलं होतं?"

"ते मला काय म्हणून विचारता, मामा? मी काय तिथे नाडी बघत होतो?"

मी कल्याणरामांना लिहिलं. त्यांनी बिचाऱ्यांनी दोन म्हाताऱ्यांना गाठून विचारलं. एक म्हणाला, सगळी घड्याळं बदलली होती. दुसरा म्हणाला, मळ्यावरचा भोंगा जुन्याच वेळेला वाजे. दवाखान्याच्या इमारतीत आता पलंग विकतात.

साठ वर्षं दिवस नव्हता. आता दिवस होता, तास होता, मिनिटं होती, आणि तिथी नव्हतीच. मला त्या बाविसाव्या ओळीचा राग आला. गिरीशनं फोनवर सांगितलं, "बाबा, अमावस्याच धरा. शंका असली की अमावस्या, शास्त्रच आहे." मामांनी फोन ठेवला आणि दोन दिवस आमच्याकडे जेवायला आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले ते ठरवूनच. "प्रतिपदा. चूक झाली तर माझी. अमावस्येला सगळ्यांचे बाप येतात. माझा नाही यायचा."

"शंकेनं करू नये असं आहे," वादिराज म्हणाले.

"पन्नास वर्षं कशानं केलं मग?"

वादिराज हसले आणि त्यांनी होकार दिला.

त्या वर्षीची श्रावण प्रतिपदा शनिवारी होती. त्याआधीच्या मंगळवारी पहाटे सेतुमामा झोपेतच गेले. गिरीश चेन्नईहून आला, दहन झालं, आणि घराला दहा दिवसांचं सुतक लागलं. सुतकात श्राद्ध होत नाही. शनिवारी वादिराज आले, पण नुसतेच ओसरीवर बसून गेले. पुढे काय करायचं असं मी विचारलं, तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "अडलेलं श्राद्ध पुढच्या अमावस्येला करतात."

जाण्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, मामा आमच्याकडे जेवून निघाले होते. आई शनिवारच्या स्वयंपाकाची यादी करत होती. दारात चपला घालता घालता ते वळले आणि म्हणाले, "कच्ची केळी दोन डझन सांग गे. वादिराजाला एक डझन पुरत नाही."