लसणीचा लेप

माझी मावशी लाँड्रीत कामाला होती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथं धुवायला यायच्या. सोड्याच्या गरम पाण्यात हात घालून घालून बायकांच्या बोटांची सालं निघायची, मावशीचीही निघाली. मग तिनं घरी खोबरेल तेलात मेण वितळवलं, चिमूटभर हळद घातली आणि मलम केलं. पंधरा दिवसांत तिच्या भेगा भरल्या. शेजारच्या मशिनवरच्या बाईनं डबी मागितली, मग त्या बाईच्या जावेनं मागितली. बघता बघता मावशीच्या स्वयंपाकघराची खिडकी बाटल्यांनी भरली. घामोळ्याला कडुलिंबाचं पाणी, उन्हानं करपलेल्या कातडीला कोरफडीचा गर, गजकर्णाला लसणीचा लेप. सुट्टीच्या दिवशी लोक चपला काढून तिच्या दारात बसायचे. गुणही यायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, शिंपी होते. कोट शिवायचे. कोटाची काजं पाडायची मशिनं कधीच आली होती, पण काका हातानं काज करायचे. एका काजाला पाऊण तास लागायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, "बटण रोज लावायचंय ना? मग थांबा." त्यांना मूलबाळ नव्हतं. मी भाची, दोन दारं सोडून राहणारी, त्यामुळे निम्मी त्यांच्याच घरी वाढले.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण काकांचा मावशीच्या औषधांवर सगळ्या गल्लीपेक्षा जास्त विश्वास होता. म्हणून उजव्या कोपराखाली एक फिकट चट्टा उठला तेव्हा त्यांनी तो पहिल्यांदा तिलाच दाखवला. मावशीनं हळद लावली. दोन महिने झाले, चट्टा तसाच. मग कडुलिंब झाला. चट्टा थोडा पसरला. ती रोज संध्याकाळी विचारायची, आता कसं वाटतंय. ते रोज सांगायचे, बरं वाटतंय. असं वर्ष गेलं, दुसरंही गेलं.

शेवटी तिनं लसणीचा लेप काढला. हा लेप भयंकर झोंबायचा. पलीकडच्या गल्लीतला आडदांड ट्रकवाला त्यानं रडकुंडीला आला होता. काका मात्र लेप लावून निवांत पेपर वाचत बसले. मावशीला कोण कौतुक. "बघ, सोसायचं कसं ते तुझ्या काकांकडून शिक," असं मला म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिथं टपोरा फोड आला. तो त्यांना कळला तो बाही चिकटली तेव्हा. मावशीला वाटलं, लेप लागू पडला.

त्यानंतर काकांच्या हातून सुई पडायला लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ होईना. एका जुन्या गिऱ्हाइकानं कोट परत आणला, काजं वाकडी होती. काका उसवायला बसले.

एकदा दुपारी मी दुकानात होते. ते अस्तराला इस्त्री करत होते आणि माझ्याशी बोलत होते. मला जळका वास आला. मला वाटलं कापड जळलं. बघते तर इस्त्रीची कड त्यांच्या करंगळीला टेकलेली, आणि ते बोलतच होते. मी हात ओढला तेव्हा त्यांनी बोटाकडे बघितलं. इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाले, "मावशीला सांगू नकोस. उगाच मनाला लावून घेईल."

मी नाही सांगितलं. एकोणीस वर्षांची होते, एवढं कळायला हवं होतं. पुढे महिनाभर त्यांनी बोटाला चिंधी बांधली, सुई लागली म्हणून सांगितलं. जखम चिघळून वास यायला लागला तेव्हा मावशीनं चिंधी सोडली, आणि त्याच दिवशी त्यांना घेऊन ती कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. मीही गेले.

बाईंनी काकांना डोळे मिटायला सांगितले. कापसाचं टोक हातावरून फिरवलं आणि स्पर्श होईल तिथं बोट ठेवायला सांगितलं. दंडावर त्यांनी बरोबर बोट ठेवलं. चट्ट्यावर कापूस फिरत राहिला आणि काका डोळे मिटून वाट बघत राहिले. मावशी बघत होती. तिला तिथंच सगळं कळलं असणार.

कुष्ठरोग होता. बाईंनी शांतपणे समजावलं की हा पूर्ण बरा होतो, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला होत नाही, घाबरायचं काही नाही. मग कागदावर लिहीत विचारलं, "चट्टा कधीपासून आहे?"

"असेल महिना-दोन महिने," काका म्हणाले.

मावशी म्हणाली, "पावणेतीन वर्षं. मी लेप लावत होते."

बाईंचं पेन थांबलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की आजार जाईल, पण स्पर्श कळवणाऱ्या शिरेचं जे नुकसान झालंय ते भरून येईलच असं नाही.

तसंच झालं. वर्षभर गोळ्या घेतल्या, आजार गेला, चट्टा विरला. दोन बोटं वाकलेली ती वाकलेलीच राहिली. काकांनी दुकान विकलं. शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान मला दिलं, मला ते मोठं होतं. गल्लीतले लोक यायचे थांबले, काही भीतीनं, काही लाजेनं. जे आले त्यांना मावशीनं दारातूनच परत पाठवलं. एका सुट्टीच्या दिवशी तिनं खिडकीतल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. घरभर कडुलिंबाचा वास राहिला. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू बस."

इस्त्रीचं मी तिला पुढे सांगितलं. ती माझ्यावरही रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

काकांना मात्र तिनं एकदा विचारलं, माझ्यासमोरच. "काहीच जाणवत नव्हतं, तर रोज बरं वाटतंय असं का सांगत होतात?"

मग म्हणाले, "तू किती आशेनं विचारायचीस गं."

मावशी पदरात तोंड घालून रडली. काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो वाकड्या बोटांचा, आणि मान वळवून हात नीट टेकलाय ना ते बघितलं. बघितल्याशिवाय त्यांना कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी एक काम मात्र तिला नेमून दिलं होतं. बधिर हात कोरडा पडून फाटतो, म्हणून रोज तो साध्या पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं, कुठं भाजलंय-कापलंय का ते तपासायचं. मावशी लाँड्रीतून आली की परात घेऊन बसते. एकेक बोट उलटंपालटं करून उजेडात बघते, तळव्यावर तेल जिरवते, कितीतरी वेळ. काका तोवर खिडकीतून बाहेर बघत असतात. मधेच विचारतात, "सुरू केलंस का?"

"झालं," ती म्हणते, आणि चोळत राहते.