पाणी कमी घाला, फ्राउ पालशेतकर

उल्का पालशेतकरला हॅम्बर्गमध्ये राहून तीस वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची चार तिला आधीच्या सव्वीसांपेक्षा लांब गेली होती. नवरा जयंत विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. चार वर्षांपूर्वी एके दिवशी जेवून उठला आणि हात धुताधुता गेला. मुलगा वेद फ्रँकफर्टला बँकेत. दर रविवारी त्याचा फोन यायचा. आई मराठीत विचारायची, तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा, आणि बोलणं 'आलेस गूट'वर येऊन थांबायचं. सगळं छान म्हटल्यावर पुढे काय बोलणार, कपाळ? बंदराजवळच्या एका कचेरीत मालाचे कागद करायचे, घरी यायचं आणि एकटीपुरता कुकर लावायचा. एका माणसाचा भात कधी नीट होत नाही, असं तिचं ठाम मत झालं होतं.

शेवटी तिने वस्तीतल्या चर्चच्या 'बेझूख्सडीन्स्ट'मध्ये नाव घातलं. म्हणजे ज्या म्हाताऱ्यांकडे कुणी फिरकत नाही, त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा जाऊन बसायचं. तिथल्या बाईंनी तिला वेळ आहे का, कुत्र्याची भीती वाटते का, सगळं खोदून खोदून विचारलं. तुमच्याकडे कोण येतं, एवढं मात्र विचारलं नाही.

तिच्या वाट्याला आले हेर लोरेन्त्सेन. जर्मनमध्ये पुरुषाला हेर म्हणायचं, बाईला फ्राउ. वय सत्त्याण्णव, बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही, एक पुतण्या लांब श्टुटगार्टला. तळमजल्यावर एका खोलीत राहायचे आणि भर थंडीतही खिडकी उघडी टाकायचे. खोलीत जिकडेतिकडे जहाजं. बाटलीतलं जहाज, जहाजांची कॅलेंडरं, नांगराचं चित्र असलेला कप. माणूस तरुणपणी पाणबुडीवर होता एवढं कळलं, की लोकांनी प्रत्येक वाढदिवसाला तेच लावून धरलं होतं. खरं तर युद्धावरून परत आल्यावर लोरेन्त्सेननी पिनेबेर्गच्या रोपवाटिकेत चाळीस वर्षं झाडं लावली. बंदरात साध्या फेरीबोटीत पाय ठेवला नाही. पण त्यांना रोप भेट द्यावं, हे एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं.

उल्काने दुसऱ्याच गुरुवारी आपला मरायला टेकलेला कढीपत्ता उचलून नेला. लोरेन्त्सेननी कुंडी उलटी करून मुळं पाहिली आणि तिला चांगलंच फैलावर घेतलं.

"तुम्ही याला बुडवताय. मुळांनाही हवा लागते. पाणी कमी घाला, फ्राउ पालशेतकर."

महिन्याभरात कढीपत्त्याला पालवी फुटली. त्या दिवसापासून तिचा आठवडा सोमवारी सुरू व्हायचा बंद झाला. तो गुरुवारी सुरू व्हायला लागला.

आपल्या पाणबुडीची गोष्ट लोरेन्त्सेन दर गुरुवारी सांगायचे. बोटीचा नंबर त्यांनी कधी सांगितला नाही, आणि तिनेही विचारला नाही. चव्वेचाळीस साल, वय अठरा, काम डिझेल इंजिनाला तेल देण्याचं. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघाले, आफ्रिकेला वळसा घातला आणि हिंदी महासागरात शिरले. पन्नासेक माणसं आणि दोन संडास, त्यातला एक बटाट्यांनी भरलेला. दुसऱ्याच्या अंगाने गरम झालेल्या अंथरुणात झोपायचं, उठलं की तिसरा त्यात शिरणार. पहिलं जहाज बुडवलं तेव्हा सगळ्यांना एकेक घोट ब्रँडी मिळाली. कप्तान किती टन ते सांगायचा. माणसं किती, ते कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचंही नाही. मग दुसरं जहाज.

"आणि तिसरं अरबी समुद्रात," असं म्हणून ते दर वेळी थांबायचे आणि विचारायचे, "आणखी कॉफी?"

कॉफीनंतर गोष्ट एकदम पेनांगला, मलायातल्या जपान्यांच्या तळावर पोचायची. मग जर्मनी हरल्यावर जपान्यांनी बोट ताब्यात घेतली, मग कैद, मग सत्तेचाळीस साली घरी येऊन पहिली विकत घेतलेली वस्तू म्हणजे फावडं.

उल्काला कॉफी नकोच असायची, पण ती कप पुढे करायची. कारण अरबी समुद्रातलं तिसरं जहाज तिला ऐकायचं होतं आणि नव्हतंही.

तिचे आजोबा आत्माराम पालशेतकर, गुहागरकडचे खारवी. लग्नानंतरही उल्काने माहेरचं हे आडनाव सोडलं नव्हतं. लढाईच्या दिवसांत मुंबईहून मालाच्या बोटीवर खलाशी म्हणून गेले. एडनच्या वाटेवर जर्मन पाणबुडीने बोट बुडवली, तेही चव्वेचाळीसातच. उल्काचे वडील तेव्हा दोन वर्षांचे. कंपनीचा माणूस येऊन 'बेपत्ता' एवढं सांगून गेला. मेला म्हणाला नाही, म्हणून आजीने कुंकू पुसलं नाही. रूढीप्रमाणे बारा वर्षं वाट पाहिली, आणि मग भटजींनी दर्भाचा माणूस केला आणि त्याला अग्नी दिला. आजी पुढे सांगायची, "गवत जाळलं गो. माझा माणूस अजून पाण्यातच आहे."

हे उल्काने लोरेन्त्सेनना सांगितलं नव्हतं. सांगितलं तर काय होईल याचा अंदाज तिला होता. म्हातारा दार लावून घेईल. मग गुरुवार गेला, आणि गुरुवार गेला की राहिला तो एका माणसाचा भात. आजोबांना तिने पाहिलंही नव्हतं. लोरेन्त्सेन मात्र तिची वाट बघत खिडकीत बसायचे. कधी कधी तिला स्वतःची चीड यायची. पण एकटं माणूस फार हिशेबी होतं, मिळालेली सोबत सहजासहजी पणाला लावत नाही.

नोव्हेंबरात लोरेन्त्सेनना अठ्ठ्याण्णव वर्षं पूर्ण झाली. पुतण्या योर्ग केक घेऊन आला, आणि सोबत अर्थातच जहाजाचं कॅलेंडर. केक कापताना त्याने मोठ्या उत्साहात सांगितलं, "काका, मी सगळी चौकशी केलीये. वेळ आली की तुम्हाला समुद्रातच पोचवायचं. रक्षाकलश, बोट, घंटा, पुष्पचक्र, एकदम खलाशाला शोभेल असं! आणि कबरच नाही म्हटल्यावर तिची निगा राखायचीही कटकट नाही."

लोरेन्त्सेननी मान हलवली. कुणाला आपली कटकट नको, या एका गोष्टीपायी त्या पिढीने काय काय गिळलंय! योर्गने तो होकार समजला, काकांच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी पकडायला निघून गेला.

तो गेल्यावर लोरेन्त्सेननी केकची बशी बाजूला सारली. मग न विचारता बोलू लागले.

"तिसरं जहाज. आम्ही पाण्याखाली होतो. जहाज बुडताना ऐकू येतं, माहितीये? लोखंड वाकतं, आतल्या भिंती एकेक करून फुटतात. ते आमच्या शेजारून खाली चाललं होतं. मी कानात तेलाच्या चिंध्या कोंबल्या. तरी ऐकू येतं. फ्राउ पालशेतकर, मला परत तिथे जायचं नाही."

आणि उल्काच्या तोंडून निघून गेलं, "माझे आजोबा तशाच जहाजावर होते. चव्वेचाळीस साली. मुंबईहून एडनला चाललेल्या."

लोरेन्त्सेनचा चेहरा पार उतरला. त्यांनी हळूच म्हटलं, "कृपा करून तुम्ही आता जा."

पुढच्या गुरुवारी तिने बेल वाजवली, दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी पडदा हलला, पण दार तसंच बंद राहिलं. पावसात उभी राहून ती स्वतःलाच शिव्या देत होती. ऐंशी वर्षं गप्प बसलेली गोष्ट, अजून दोन-चार वर्षं बसली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? रविवारी वेदने विचारलं, "आलेस गूट?" ती "हो" म्हणाली, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातच रडली.

तिसऱ्या गुरुवारी दार किलकिलं होतं. टेबलावर दोन कप मांडलेले होते.

"मी आठवायचा खूप प्रयत्न केला," लोरेन्त्सेन म्हणाले. "तारीख, नाव, काहीच आठवत नाही. त्या समुद्रात दुसऱ्याही पाणबुड्या होत्या. पण आमचीच होती असं धरा. कुणाची तरी होतीच." मग त्यांनी विचारलं, "त्यांची कबर कुठे आहे?"

"कबर नाही. आमच्यात जाळतात. पण जाळायलाही काही मिळालं नाही." मग तिने त्यांना बारा वर्षांचं सांगितलं, दर्भाच्या माणसाचं सांगितलं, आजी काय म्हणायची तेही सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकलं.

"मला मातीत जायचंय," ते म्हणाले. "पुतण्या माझं ऐकणार नाही, आणि मला त्याला सांगवत नाही. तुम्ही सांगाल? जगात कुणाकडे काही मागायचा मला सगळ्यांत कमी हक्क असेल तर तो तुमच्याकडे, हे मला कळतं."

उल्काच्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या आजोबांना काय मिळालं? गवत! आणि याला माती हवी, तीही माझ्याकडून! ती उठली, कोट घातला आणि म्हणाली, "बघते."

'बघते' हा फार वाईट शब्द. मराठी माणूस नकार द्यायचा असला की तोच वापरतो, आणि होकार द्यायला धीर होत नसला तरीही तोच. घरी जाताना तिला कळलं होतं की आपल्याला हो म्हणायचंय. पण म्हटलं, गुरुवारी सांगू, घाई काय आहे.

सोमवारी लोरेन्त्सेन इस्पितळात गेले आणि बुधवारी वारले. तिला ते गुरुवारी कळलं, बेल वाजवल्यावर, शेजारणीकडून. ती तशीच त्या बंद दारासमोरच्या पायरीवर बसली. आपला होकार ऐकायला आता कुणी उरलं नाही, याचं तिला विलक्षण वाईट वाटलं. जयंत गेला तेव्हा निदान त्याला जेवायला वाढलं होतं.

योर्गने फोनवर सौम्यपणे सांगितलं की दहन झालंय, कलश पुढच्या आठवड्यात बाल्टिक समुद्रात सोडतील.

"त्यांना समुद्र नको होता," उल्का म्हणाली. "त्यांनी मला सांगितलंय."

"मी त्यांना वाढदिवसाला विचारलं होतं. तेव्हा तर काही बोलले नाहीत."

"तुम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही सांगितलं होतं."

योर्ग जरा चिडला. "माफ करा, पण तुम्ही त्यांच्या कोण?"

ज्यांच्या बोटीने माझा आजोबा बुडवला असेल किंवा नसेल, त्यांची मी कोण? "मी गुरुवारी येणारी," ती म्हणाली. मग तिने त्याला उघड्या खिडकीचं सांगितलं, चिंध्यांचं सांगितलं, आणि ते कधी फेरीबोटीत का बसले नाहीत ते सांगितलं. काका फेरीबोटीत का बसत नाहीत, याचं योर्गला लहानपणापासून नवल वाटत आलं होतं. आई म्हणायची, त्यांना बोट लागते.

"पण कबर कोण बघणार?" तो शेवटी म्हणाला. "मी इथे, सहाशे किलोमीटरवर. तिथल्या कबरस्तानात निगा राखली नाही तर कबरीवर ताकिदीची चिठ्ठी लावतात."

"मी बघेन."

"वीस वर्षं? जागा तेवढ्या मुदतीची घ्यावी लागते."

"मला दुसरं काय काम आहे?" ती म्हणाली, आणि हे ती चेष्टेने म्हणत नव्हती.

योर्ग वाईट माणूस नव्हता. त्याने कलश थांबवला. फेब्रुवारीत, चिखल आणि बर्फ यांच्या मधल्या एका दिवशी, लोरेन्त्सेन मातीत गेले. खड्ड्यापाशी दोघंच होते, योर्ग आणि ती. उल्काने मूठभर माती टाकली आणि मनात म्हणाली, हो. उशीर झाला, पण हो.

त्यानंतर गुरुवार परत आले. कचेरीतून निघून ती कबरस्तानात जायची, नळापाशी टांगलेली हिरवी झारी घ्यायची, तण काढायची. वसंतात तिने रोडोडेंड्रॉनचं लहान झुडूप लावलं. ते रुजलं. कुणी बोलायला नव्हतंच, तेव्हा तिने बोलायला मराठी धरली; आता त्यांना कुठलीही भाषा चालणार होती.

सप्टेंबर सरता सरता सर्वपित्री अमावास्या आली. ज्यांची तिथी माहीत नाही, त्यांचं पान त्या दिवशी वाढतात. आत्मारामांचं पाणी आधी आजीने भटजींकडून द्यायला लावलं, नंतर वडिलांनी दिलं. वडील गेल्यावर कुणी दिलं नव्हतं. उल्का दुकानातून हेदरची जांभळी फुललेली दोन रोपं घेऊन निघाली. वाटेत तिला वाटलं होतं की झारीने आजोबांना पाणी द्यावं. नळ सोडला, झारी भरायला लागली आणि तिचा हात थांबला. ऐंशी वर्षं ज्याला पाण्याशिवाय काही मिळालं नाही, त्याला अजून पाणीच कशाला द्यायचं?

ती कबरीपाशी गुडघे टेकून बसली. एक रोप मधोमध लावलं. मग त्याच्या शेजारी हातानेच दुसरा खड्डा उकरला, कोपरापर्यंत माती लागेतो. दुसरं रोप त्यात बसवलं आणि भोवतालची माती तळव्याने दाबून घट्ट केली.

"जरा सरकून घ्या, हेर लोरेन्त्सेन," ती म्हणाली. "आमचे आजोबा आलेत."

मग तिने झारी उचलली आणि दोघांना थोडंसंच पाणी घातलं.