डोंगरांपाशी थांबलेली ओळ

हिराबाईला रेवाबाई पहिल्यांदा दिसली ती सुसानाबाईंच्या नजरेचा माग काढताना.

मोहपाड्यावर तेव्हा उपासनेसाठी कुडाची एक झोपडी होती, वर सागाच्या पानांचं छप्पर. पुरुष उजवीकडे बसत, बाया डावीकडे. डावीकडच्या पहिल्या रांगेत, सुसानाबाईंच्या अगदी समोर, हिराबाईची जागा ठरलेली. गाताना सुसानाबाई तिच्याकडे बघून सूर धरत आणि त्या बघण्याची हिराबाईला सवय झाली होती. त्या रविवारी गाणं ऐन रंगात असताना सुसानाबाईंची नजर तिच्या डोक्यावरून पलीकडे गेली आणि तिथंच थांबली. त्या हसल्या. हिराबाईनं मान वळवली. दारापाशी एक बाई उभी होती. कडेवर पोर, डोक्यावर गवताच्या भाऱ्याची चुंबळ अजून तशीच. सगळ्यांचं कडवं संपलं तरी ही एक ओळ मागे, आपल्याच चालीत गात होती.

कोण ही, म्हणून हिराबाईनं शेजारणीला विचारलं. बारक्याची बायको, पलीकडच्या डोंगरातली, असं कळलं.

"डोक्यावरचा भारा उतरला, पण हिला कोणी सांगितलं नाही वाटतं," हिराबाई म्हणाली.

शेजारीण फसकन हसली. हिराबाईला बरं वाटलं, पण थोडंच.

ही एकोणीसशे पंचविसाच्या सुमाराची, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची हकिकत. अब्राहाममास्तर आणि त्यांची बायको सुसानाबाई ही धानोऱ्याकडची माणसं. मास्तर ख्रिस्ती प्रचारक म्हणून नवापूरच्या या सरहद्दीवरच्या डोंगरांत आले आणि पाड्यापाड्यांतून मंडळ्या उभ्या करत फिरले. पुरुषांना ते पुस्तकावरून शिकवत. बायांना अक्षर येत नव्हतं, म्हणून सुसानाबाईंनी तोंडी शिकवायचा आपला एक रिवाज पाडला. त्या एका बाईला शास्त्रातलं एक वचन देत. त्या बाईनं ते दुसरीला द्यायचं. दुसरीला ते नीट येईपर्यंत पहिलीला पुढचं वचन मिळत नसे. नुसतं पाठ होऊनही भागत नसे. या आठवड्यात ते वचन घेऊन काय केलंस, कोणाचं भांडण मिटवलंस, कोणाच्या दुखण्याला जाऊन बसलीस, हेही त्या विचारत. दुसरीनं तिसरीला द्यायचं, तिसरीनं चौथीला. याला त्या वेल म्हणत.

हिराबाईची बुद्धी तल्लख. नवरा बुध्या मंडळीच्या पंचांपैकी एक, घरात धान्य, गोठ्यात बैल. एकदा ऐकलेलं तिच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडे. बाया म्हणत, हिराबाईची जीभ म्हणजे नवापूरची आगगाडी, मधली स्टेशनं घेतच नाही. अशा बाईच्या पदरात सुसानाबाईंनी रेवाबाईला टाकलं.

"हाई तुन्ही जोडीदारीन," त्या आपल्या खानदेशी बोलीत म्हणाल्या. "हिले शिकाड."

झालं. आगगाडीला बैलगाडी जोडली गेली. एकेक वचन रेवाबाईला पंधरा-पंधरा दिवस पुरे. ती सारखी विचारायची, याचा अर्थ काय, हे असंच का, आणि मग विसरायची. इकडे हिराबाई पुढच्या वचनासाठी आसुसलेली. तिनं एकदा सुसानाबाईंना अख्खं स्तोत्र म्हणून दाखवलं, कुठंतरी ऐकून पाठ केलेलं. सुसानाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुले येस, ते माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "रेवाले येस का, ते सांग."

हिराबाईच्या मनात तो काटा रुतला तो रुतलाच. त्यात आणखी एक गोष्ट झाली. रेवाबाई हळू शिकायची, पण एकदा शिकली की ते वचन तिच्यापाशी राहत नसे. गवत कापताना, लाकडं गोळा करताना, झऱ्यावर पाणी भरताना ती शेजारच्या बाईला म्हणे, हे बघ, मला आज हे मिळालंय, तुला हवं का? एकीच्या दोघी झाल्या, दोघींच्या सात-आठ. चुकलं की सगळ्याजणी हसत आणि पुन्हा म्हणत. पाड्यावर लोक बोलू लागले, या रेवाबाईच्या बाया. रेवाबाईला शिकवलं कोणी, हे कोणाच्या ध्यानात येईना. हिराबाई रात्री भाकरी थापताना बुध्याला म्हणे, बी माझं, शेत तिचं. बुध्या निवांत माणूस. पीक आलं ना, तो म्हणे, आणि ताट पुढे ओढी. त्या दिवशी त्याला भाकरी करपलेली मिळे.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग पावसाळा सरता सरता बातमी आली की मास्तरांची बदली होणार. होळीच्या आधी नवापूरला मंडळ्यांचा मेळावा भरे. तो झाला की मास्तर आणि सुसानाबाई जाणार आणि जाण्यापूर्वी सुसानाबाई या भागातल्या बायांसाठी एक पुढारीण नेमून जाणार. ज्या बाईच्या हातून वेल नीट वाढला असेल तिला.

हिराबाईला ते पद हवं होतं. लपवून काय करायचं, तिला ते भुकेसारखं हवं होतं. पदापेक्षाही तिला हवा होता सुसानाबाईंचा हात, नेमणुकीच्या वेळी डोक्यावर ठेवला जाणारा. तो हात चुंबळीच्या डोक्यावर पडलेला तिला स्वप्नात दिसे आणि ती दचकून उठे.

त्याच सुमाराला रेवाबाई निरोप घ्यायला आली. कापूस वेचायला शहाद्याकडे, कळसाडीला चालली होती. पाड्यावरच्या बऱ्याच बाया दर वर्षी जात. बुध्याच्या घरी त्याची गरज नव्हती, त्यामुळे हिराबाई कधी गेली नव्हती. सुसानाबाई तेव्हा दुसऱ्या पाड्यांवर फिरतीला होत्या. जाण्यापूर्वी त्या हिराबाईपाशी एक वचन ठेवून गेल्या होत्या, रेवाबाईला देण्यासाठी. डोंगरांकडे डोळे लावून माणूस विचारतो, माझी मदत कुठून येणार? आणि पुढे स्वतःच सांगतो, ज्यानं आभाळ आणि धरती केली त्या देवाकडून.

हिराबाईनं रेवाबाईला बसवलं आणि सांगितलं, "डोळे वर करून डोंगरांकडे बघते. माझी मदत कुठून येणार?"

रेवाबाईनं दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं. "पुढे?"

"या खेपेला एवढंच."

तीनच शब्द. मेळाव्यात रेवाबाई उभी राहील, अर्ध्यावर अडेल, आणि मग आपण उठून पूर्ण वचन म्हणू, असं चित्र हिराबाईच्या डोळ्यांपुढे होतं. रेवाबाईला अर्ध्याचा आनंदच झाला. लहान वचन मिळालं म्हणून तिनं हिराबाईचे आभार मानले आणि गेली. हिराबाईनं त्या दिवशी अंगण दोनदा झाडलं.

कापसाचा हंगाम संपला आणि वेचणाऱ्या बाया नंदुरबारहून आगगाडीनं थेट नवापूरला, मेळाव्यालाच उतरल्या. मांडवात त्या शिरल्या तेव्हा हिराबाईनं सवयीनं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. मोहपाड्याच्या होत्याच, पण इतरही चार पाड्यांच्या, कुठल्या कुठल्या, एकाच शेतात जमलेल्या. सगळ्या रेवाबाईच्या मागे. त्यातली एक हिराबाईच्या शेजारी टेकली आणि कौतुकानं सांगू लागली. म्हणे आम्ही ओळीनं कापूस वेचायचो, रेवाबाई पहिल्या सरीत म्हणायची, दुसरी सरी उचलायची, मग तिसरी, शेताच्या बांधापर्यंत वचन पोचायचं. मालकीणही ऐकायची. जमनाबाई तिचं नाव, मोठ्या घरची, स्वतः कापूस मोजून घेणारी. एक दिवस तिनं विचारलं, मदत कुठून येणार म्हणता, मग पुढे काय शे? रेवाबाई म्हणाली, पुढचं अजून मिळालं नाही, मिळालं की आणून देईन.

एका बाईला पाडायला खणलेला खड्डा, त्यात अख्खा पाडा उतरला होता.

सुसानाबाईंनी रेवाबाईला बोलावलं. ती उभी राहिली, आणि तिच्यामागे तिच्या साऱ्या बाया उभ्या राहिल्या. एका आवाजात त्यांनी म्हटलं. डोंगरांकडे बघते. माझी मदत कुठून येणार? आणि सगळ्या एकदम थांबल्या. मांडवाच्या मागं खरोखरचे डोंगर होते. दोघी-तिघींनी म्हणता म्हणता तिकडे मानही वळवली होती.

पुरुषांत कुजबुज सुरू झाली. एक म्हातारे पंच उठले आणि म्हणाले, डोंगरातल्या जुन्या देवांना सोडून आपण इकडे आलो, आणि या बाया भर मेळाव्यात पुन्हा डोंगरालाच साकडं घालतात, हे काय आहे? दुसरा म्हणाला, ही सगळी रेवाबाईची करणी. अशा बाईला शिकवू देऊ नये.

सुसानाबाईंनी हातानं त्यांना बसवलं. मग मागच्या रांगेपासून एकेकीला विचारत त्या पुढे आल्या. तुले कोनी शिकाडं? हिनं. आनि तुले? हिनं. वेलाला धरत धरत त्या मुळाकडे येत होत्या. रेवाबाईपाशी आल्यावर त्यांनी तेच विचारलं.

रेवाबाईनं खाली बघितलं. "माझंच डोकं मंद, माय. पुढचं दिलं असेल, मी वाटेत सांडलं असेल. या बायांचं काही चुकलं नाही. सगळं माझं आहे."

हिराबाईनं सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण त्याच वेळी तिनं पाहिलं की मागच्या बाया रेवाबाईला चिकटून उभ्या राहिल्या आहेत. एकीनं तिचा हात धरला होता, आमचंही चुकलं म्हणत होती. सुसानाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळा मांडव रेवाबाईकडे बघत होता. दोष पत्करूनही तीच मोठी झाली होती. हिराबाईच्या हातून घडलेलं पाप, तेसुद्धा तिनं नेलं. हिराबाईला ते सहन होईना. ती ताडकन उठली.

"तिनं काही सांडलं नाही," ती म्हणाली. "मी अर्धंच दिलं होतं. मुद्दाम. ते माझं आहे."

पश्चात्तापापेक्षा त्यात हेवाच जास्त होता, हे तिला स्वतःला ठाऊक होतं. बुध्यानं मान खाली घातली. म्हातारे पंच पुन्हा उठू लागले तर सुसानाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि ते तसेच बसले.

"पुरं वचन म्हन," त्या हिराबाईला म्हणाल्या.

हिराबाईनं म्हटलं. पहिल्यांदाच तिची जीभ अडखळली.

"अर्ध तू दिधं," सुसानाबाई म्हणाल्या. "ते उरेल अर्ध बी तूच दे. जठे जठे गयं, तठे जाय."

त्याच संध्याकाळी त्यांनी रेवाबाईच्या डोक्यावर हात ठेवला. हिराबाई समोरच्या रांगेत होती आणि तिनं डोळे मिटले नाहीत. दुसऱ्या दिवशी, सामान बांधताना, तिनं सुसानाबाईंना एकटं गाठून विचारलं, माझ्यात काय कमी होतं? सुसानाबाईंनी कळशीला दोरी गुंडाळत सांगितलं, कमी काहीच नाही. तू म्हणतेस तेव्हा बाया ऐकतात. ती म्हणते तेव्हा बाया बोलतात. मग त्यांनी हिराबाईला जवळ घेतलं. बराच वेळ घेतलं. त्याची हिराबाईनं आयुष्यभर कोणाशी वाच्यता केली नाही.

पुढचं वर्ष हिराबाई उरलेलं अर्धं वाटत हिंडली. वाट रेवाबाईला माहीत, म्हणून रेवाबाई पुढे आणि हिराबाई मागे. प्रत्येक घरात ऊनऊन भाकरी आधी रेवाबाईच्या हातावर पडे, आणि हिराबाईच्या पोटात आधी भूक उठे की आग, ते तिलाही कळत नसे. वाटेत दोघी भांडत. हिराबाई म्हणे, तुला तरी पुढे काही असेल असं वाटायला नको होतं का? रेवाबाई म्हणे, तू म्हणालीस एवढंच, मला वाटलं एवढंच.

कापसाच्या हंगामात हिराबाई कळसाडीला गेली. पंचाची बायको मजुरांच्या रांगेत बघून पाड्याच्या बायांनी यथेच्छ थट्टा केली. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं फाटली तेव्हा एकजण म्हणाली, आगगाडी आज प्रत्येक स्टेशनाला थांबतेय. हिराबाईलाही हसू आलं. जमनाबाईच्या ओट्यावर जाऊन तिनं उरलेलं वचन सांगितलं. जमनाबाईनं ऐकलं, बरं शे, म्हणाली, आणि विचारलं, हाई कोन? रेवाबाईनं पुढे होऊन सांगितलं, हिनंच मला सगळं शिकवलं. ती मनापासून म्हणत होती. हिराबाईला ते आवडलं, आणि तिच्या तोंडून आलं म्हणून नावडलंही.

दोघी अशाच वर्षानुवर्षं हिंडल्या. ज्या वचनाला रेवाबाईला पंधरा दिवस लागत, त्यासाठी हिराबाई पंधरा दिवस थांबायला शिकली. हेवा गेला असं ती म्हणत नसे. कोणी विचारलंच तर म्हणे, आहे, म्हाताऱ्या कुत्र्यासारखा दारात पडलेला असतो, भुंकतो कमी.

हिराबाई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या मयतीला बायांनी कोणतं गाणं म्हणायचं ते रेवाबाईनं ठरवलं आणि तीही एक ओळ मागे राहूनच गायली.

रेवाबाई आता धाकट्या लेकाकडे खांडबाऱ्याला राहते. गुडघे धरल्यामुळे तिचं डोंगरात जाणं बंद झालं आहे, म्हणून बुधवारी बाजाराला आलेल्या बायाच वचन घ्यायला तिच्या ओसरीवर येऊन बसतात.