घटाची माती

आमच्या घरात घट बसवायला मूठभर माती नव्हती. पैसा नसणं लोकांना समजतं, माती नसणं समजत नाही. अंबडच्या कारखान्यांमागे पत्र्याच्या खोलीत आम्ही राहायचो. आई लवकर गेली, म्हणून विधवा आत्यानंच मला वाढवलं. ती आणि बाप नानांच्या झेंडूच्या मळ्यात मजुरीला जायचे.

घटाला माती वावरातलीच लागते. तिच्यात धान्य पेरायचं, मधोमध पाण्याचा घट ठेवायचा आणि दसऱ्याला अंकुर किती उंच आले त्यावरून पुढचं पीक जोखायचं. आत्या दर वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी नानांकडे माती मागायची. नाना म्हणायचे, "या दिवसांत माती दिली की वावराची लक्ष्मी जाते, बाई." वर्षभर त्याच मातीत आत्याची नखं झिजायची, तेव्हा ही लक्ष्मी कुठंच जात नव्हती. शेवटी आत्या एकदा तोंडावर बोलली, "नाना, तुमची लक्ष्मी लय घाबरट हाय." दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बंद.

त्या संध्याकाळी ती एका इमारतीच्या पायाच्या खड्ड्याशी गेली. आदल्या साली तिथं वांगी उभी होती. काळी माती टोपलीत भरून आणली, घट बसवला.

"ही कसली वावराची माती?" बाप म्हणाला.

"बिल्डरनं वावर खाल्लं म्हणून माती बाटली का रं?"

पुढच्या वर्षापासून ती घटाच्या आधी असल्याच खड्ड्यांतली माती चाळून गंगेवर, नदीच्या घाटाशी, विकायला बसू लागली. एरवी भाजी, सणाला माती. गिऱ्हाईक फ्लॅटमधलं, शिकलेलं. एकीनं विचारलं, "मावशी, माती स्वच्छ आहे ना?" आत्या म्हणाली, "साबण लावून धुऊन देऊ का?" एक बाई धान उगवलं नाही म्हणून भांडायला आली. देवघरात एसी लावला होता. "देवीला पौष महिना दाखवला तुम्ही, ती बिचारी काय उगवंल?" दसऱ्यानंतर तर एक जोडपं गाडीतून उतरलं आणि पिशवी पुढं करून म्हणालं, "ही परत घेता का? आमच्याकडे माती टाकायला जागा नाही." साताठ खोल्यांचं घर, आणि दोन मुठी मातीला जागा नाही! असल्या माणसांना मी तेव्हापासून साहेब म्हणणं सोडलं.

मी बी.एस्सी. झालो. घराण्यात पहिलाच. त्या तोऱ्यात आत्याला शिकवायला गेलो, "अगं, घटातलं धान ओलीवर उगवतं. माती कुठलीही चालते."

"चालती ना. दुसऱ्याच्या मातीतबी देवी बसती," ती म्हणाली. "पण पाहुण्यावानी बसती. मला ती घरच्यासारखी बसवायची हाय. मरायच्या आधी."

पुढं नानांनी मळा बिल्डरला दिला आणि लेकाच्या फ्लॅटमध्ये सातव्या मजल्यावर जाऊन बसले. एका घटस्थापनेला त्यांचा ड्रायव्हर आत्याच्या टोपलीपुढं उभा. "नानासाहेबांना वावराची माती पाहिजे." आत्यानं गोणीतली दोन ओंजळी माती बांधून दिली. ती त्याच मळ्यात खणलेल्या पायातली होती. पैसे घेतले नाहीत. "नानांना सांग, घरचीच हाय. आणि लक्ष्मी कुठं गेली, तेबी विचार." ड्रायव्हरला काही कळलं नाही. नानांना कळलं असेल. त्यानंतर त्यांनी माणूस पाठवला नाही.

मला ओझरला नोकरी लागली. माझा पगार आणि तिची टोपली, दोन्ही मिळून जमीन बघायला लागलो. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही; खरेदीला शेतमजूर असल्याचा दाखला मागितला, तेव्हा आत्यानं कारकुनापुढं दोन्ही तळहात उघडे ठेवले. "वाच की! शिकला नाय का?" त्यानं हसून कागदच हवा म्हणून सांगितलं. त्या कागदासाठी तिनं चार चकरा मारल्या, आणि प्रत्येक चकरेला ती त्या कचेरीचा उद्धार करत घरी आली.

जमीन तिच्या नावावर झाली आणि आपल्या मातीत तिनं तीन घट बसवले. तिसऱ्या वर्षीचे अंकुर वीतभर आले होते. तो दसरा झाला आणि दिवाळीच्या आत ती गेली.

दिंडोरीकडं आमची अर्धा एकर जमीन आहे, विहिरीत वाटा आहे. सातबाऱ्यावर आधी तिचं एकटीचं नाव होतं. आता माझं आहे.